स्ट्राउडचे गवत

विलायतेहून परतलेल्या माणसाने चार लोकांत बसून काय काय सांगावे, याचा एक पाठ ठरून गेलेला आहे. थेम्सवरचा पूल, राजवाड्यापुढचे ते लाल डगलेवाले शिपाई, शेक्सपिअरचे घर आणि शेवटी तिथल्या चहाची निंदा. मी सहा आठवडे राहून आलो, पण यातले काहीच मला धड सांगता येत नाही. माझ्या प्रवासाची मिळकत विचाराल, तर एक फावडे, एक चार काट्यांचे फावडे, फांद्या छाटायची एक कात्री आणि गवत कापायचे एक यंत्र, एवढीच आहे. आणि तीही तिकडेच ठेवून आलो आहे!

त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण गेली चौदा वर्षे इंग्लंडात आहे. आता ती चाळिशीला आली, तिकडच्या इस्पितळात परिचारिका म्हणून तिच्या हाताखाली माणसे आली; पण घरात तिला आम्ही अजून ‘बेबी’च म्हणतो. २०२१ च्या शरदात तिने आणि तिच्या यजमानांनी स्ट्राउड या गावी घर घेतले. तोवर ती मंडळी मोठ्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत होती. आमचे मेहुणे मूळचे वाईकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मागे थोडी जमीन हवी, हा त्यांचा हट्ट. घर मिळाले, जमीन मिळाली. आणि त्याच हिवाळ्यात ध्यानीमनी नसताना मेहुणे गेले. बेबी आणि दहा वर्षांची आमची भाची, अशी दोघीच त्या घरात उरल्या.

२०२३ च्या मे महिन्यात, कॉलेजला सुटी लागल्यावर मी निघालो, तेव्हा आईने लाडूंचा डबा, मेतकूट आणि एक आज्ञा बरोबर दिली. “तिला नि पोरीला घेऊन ये. तिथं कोण आहे तिचं?” मी “बरं” म्हणालो. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनात गाडीत बसले की सुमारे दीड तासात स्ट्राउड येते. ग्लॉस्टरशर परगण्यातले हे लहानसे गाव. पाच दऱ्या इथे येऊन मिळतात आणि गाव त्यांच्या उतारांवर चढत गेलेले आहे. खाली फ्रोम नावाची नदी. नदी कसली, आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील! तिच्या काठाने जुना कालवा आणि कालव्याच्या कडेने पिवळसर चुनखडी दगडाच्या जुन्या कापडगिरण्या. वर हिरवेगार डोंगरमाथे. स्टेशनाबाहेर आल्यावर बेबी म्हणाली, “हे गाव त्यांना का आवडलं, कळलं ना? म्हणायचे, पसरणीच्या घाटाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं.” घाट काही दिसेना, पण डोंगराच्या कुशीत बसलेल्या गावाची ऊब मात्र ओळखीची होती.

घरी पोचल्यावर बेबीने पुढची खोली दाखवली, माडी दाखवली, स्वयंपाकघर दाखवले. मागच्या दाराशी आली आणि थबकली.

“दादा, मागे बघू नकोस.”

मी अर्थातच बघितले. नऊ मीटर लांब आणि सात मीटर रुंद अशी ती जागा, कुंपणाकडे किंचित उतरत गेलेली. तिच्यात गुडघाभर गवत माजले होते. पिवळी फुले, पांढरी फुले, मध्येच एक मोडकी खुर्ची. आदल्या वर्षी पंधरवड्याला एक माणूस येऊन गवत कापून जाई. यंदा त्याने काम सोडले होते. हत्यार म्हणाल तर घरात भाजी चिरायच्या सुरीपलीकडे काही नव्हते.

मला वाटले, शेजारीपाजारी नाके मुरडत असतील. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक पांढऱ्या भुवयांचा चेहरा वर आला. बेबी घाईघाईने त्यांची क्षमा मागू लागली. म्हातारबोवा हसून म्हणाले, “मे महिन्यात क्षमा कसली मागायची?” मग उलगडा झाला. रानफुलांचे जतन करणारी ‘प्लांटलाइफ’ नावाची संस्था तिकडे आहे. मे महिनाभर गवत कापू नका, मधमाश्यांना फुले मिळू द्या, असा प्रचार तिने २०१९ पासून चालवला आहे. म्हातारबोवांनी स्वतःचे अंगणही वाढू दिले होते. आळशी माणसाला आणि मधमाशीला एकाच वेळी पुण्य मिळवून देणारे असे व्रत आपल्या चातुर्मासातसुद्धा नसेल!

रात्री भाची झोपल्यावर बेबी म्हणाली, “बरं झालं मे आहे ते. महिन्याची मुदत मिळाली. एक जूनला गवत कापावंच लागेल. म्हणजे यंत्र घ्यायला लागेल. आणि यंत्र घ्यायचं म्हणजे इथं राहायचं. जायचं असेल तर घर विकणारा दलालच कुणाकडून तरी कापून घेईल.”

मी आईचा निरोप सांगितला. ती काही बोलली नाही. उठून तिने एक खण उघडला आणि एक पाकीट माझ्यापुढे ठेवले. पाकिटाच्या पाठीवर मेहुण्यांचे वळणदार अक्षर होते. ‘फावडे १. काटे १. खुरपे. कात्री. दंताळे. झारी. गवताचे यंत्र — नीट चौकशी करून.’ मेहुणे चौकशीशिवाय साधी छत्रीही घेत नसत. ही चौकशी तेवढी राहून गेली होती.

“जाऊ की राहू, ते मला अजून कळत नाही, दादा,” बेबी म्हणाली. “पण ही चौकशी करून टाकू या का?”

झाडाझुडपांचे एक मोठे दुकान गावाबाहेर होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तिथे गेलो आणि हरवलो. आपल्याकडे हत्यार घ्यायचे म्हणजे कसे सोपे असते! आठवडेबाजारात लोहार बसलेला असतो. खुरपे उचलावे, अंगठ्याने धार बघावी, थोडी घासाघीस करावी आणि पिशवीत टाकावे. इथे एका भिंतीवर तीसएक फावडी ओळीने टांगलेली. सगळी चकचकीत आणि प्रत्येकीला हिरव्या कागदाचे लेबल. गवताच्या यंत्रांची तर वेगळी दालनेच! पौंडाला शंभर रुपये हा गुणाकार माझ्या डोक्यात घड्याळासारखा चालू होता. विक्रेत्या मुलाने सर्वांत महाग यंत्र सर्वांत चांगले असल्याचे सांगितले. आम्ही त्याचे आभार मानले आणि हातमोज्यांचे दोन जोड घेऊन घरी आलो.

ही कथा कुंपणापलीकडे पोचली. संध्याकाळी म्हातारबोवा आपली सगळी हत्यारे घेऊन आले आणि त्यांनी ती भिंतीशी ओळीने उभी केली. कापडगिरणीत त्यांनी सारा जन्म काढलेला. बिलियर्डच्या टेबलावरचे हिरवे कापड आणि टेनिसच्या चेंडूवरची लोकर या दरीत विणली जाई, त्या कामावर ते होते. यंत्र आणि धार या दोन गोष्टींविषयी त्यांना फार आदर. मी मनातल्या मनात त्यांना ‘अण्णा’ म्हणू लागलो.

अण्णांचा पहिला धडा असा, की हत्यार डोळ्यांनी घेऊ नये. ते हातात धरावे, माती उचलल्यासारखे करून बघावे, आणि उभे राहून कंबर किती वाकते ते पाहावे. तिकडच्या फावड्याचा दांडा साधारण ७१ सेंटिमीटर असतो. उंच माणसासाठी त्याहून दहा सेंटिमीटर लांब मिळतो. पात्याचे प्रकार दोन. मोठे पाते नवी जमीन खणायला. लहान पाते फुलझाडांच्या वाफ्यात वापरायला. ते हलके असते आणि मनगटाला शिणवत नाही. बेबीच्या हातात त्यांनी लहानच दिले. “मोठ्या फावड्याने एका दिवसात बाग खणून होते आणि मग माणूस आठ दिवस बागेत येत नाही,” असे त्यांचे म्हणणे.

दुसरा धडा सांध्याचा. फावडे मोडते ते पात्यात नव्हे, दांडा आणि पाते जिथे जुळतात तिथे. म्हणून लोखंडाची नळी दांड्यावर किती वरपर्यंत चढली आहे ते बघावे. पत्रा वाकवून केलेले पाते नको. ठोकून घडवलेले हवे. तिकडे दांड्याला अ‍ॅश नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. चिवट आणि हिसका सोसणारे. मला आपली बाभूळ आठवली. कुदळीच्या नेढ्यात बाभळीचा दांडा ठोकून, तो पाण्यात बुडवून फुगवणारे आजोबा आठवले. लाकडाचे नाव निराळे, शहाणपण तेच.

तिसरा धडा पोलादाचा. न गंजणारे पोलाद गुळगुळीत असते, चिकणमाती त्याला धरून राहत नाही, आणि स्ट्राउडच्या दरीतली माती चिकणच. साधे पोलाद गंजते, पण त्याला धार चांगली लावता येते. म्हणून पावसात विसरून राहणाऱ्याने पहिले घ्यावे, पुसून ठेवणाऱ्याने दुसरे. चार काट्यांचे फावडे कशाला, हा माझा प्रश्न. ओल्या चिकणमातीत सपाट पाते रुतते. काटे मात्र आत शिरतात, माती फोडतात आणि मुळे न तोडता वर काढतात. नव्या माणसाला दोहोंपैकी एकच परवडत असेल, तर अशा जमिनीत काटे आधी घ्यावे, असे अण्णांचे स्पष्ट मत पडले.

आणि कात्री. हिरवी फांदी छाटायची तर दोन पाती एकमेकांशेजारून सरकून जाणारी कात्री घ्यावी; ती फांदी चेंगरत नाही. एक पाते सपाट पट्टीवर आपटते ती दुसरी कात्री वाळलेल्या काटक्यांसाठी. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि नवखा माणूस रंग बघून उचलतो. या एका वाक्याने आमचे कितीतरी गुलाब वाचले असतील.

धडे संपल्यावर मी माझा एक धडा दिला. वाफ्यातले तण काढायला मी सरळ उकिडवा बसलो. अण्णा घाबरून पुढे आले. त्यांना वाटले मला चक्कर आली! मी तसाच बसून सरकत सरकत अर्धा वाफा साफ केला, तेव्हा त्यांनी भुवया उंचावून आपली टोपी काढली. माझ्या ध्यानात त्या वेळी एक गोष्ट आली. आपले खुरपे वीतभर दांड्याचे, कारण आपण बसून काम करतो. आपली कुदळ आणि फावडे आपण हवेत उचलून स्वतःकडे ओढतो, कारण पाय अनवाणी असतात. त्यांचे फावडे उभे. त्यावर बुटाचा पाय देऊन ते खाली दाबायचे. त्यांचे तण काढायचे हत्यारसुद्धा लांब दांड्याचे, उभ्याने पुढे ढकलायचे. माणसे जशी उभी राहतात, बसतात, तशी त्यांची हत्यारे. तेव्हा हत्यार निवडायचे म्हणजे आधी आपल्याला इथे बसायचे आहे की उभे राहायचे आहे, ते ठरवायचे! बेबी बाजूला उभी होती. ती बसूही शकत होती आणि फावड्यावर पायही देऊ शकत होती. चौदा वर्षांत तिला दोन्ही येऊ लागले होते, हे मला तोवर दिसले नव्हते.

पुढच्या रविवारी अण्णांनी आम्हाला जुन्या बाजारात नेले. एका मोकळ्या मैदानात लोक मोटारी उभ्या करतात आणि मागची डिकी उघडून घरातले जुनेपाने विकतात. तिथे एका आजीबाईंकडे शेफील्डचे जुने काटे आणि लहान पात्याचे फावडे मिळाले. दोन्ही मिळून बारा पौंड. घरी आणून तारेच्या ब्रशाने गंज घासला, पात्याला तेलाचा हात दिला आणि दांड्यांना जवसाचे तेल चोळले. भाचीने फडके घेऊन दांडे इतके चमकवले, की ते वापरायचे जिवावर आले. कात्री, दंताळे आणि झारी नवी घेतली. पाकिटावरच्या यादीतल्या एकेका शब्दापुढे बेबी खूण करीत गेली. खुरपे तिकडे आपल्यासारखे मिळेना. त्याऐवजी गवंड्याच्या थापीसारखे एक घेतले. आता यादीत एकच ओळ उरली होती. नीट चौकशी करून.

आणि काय योगायोग पाहा! ज्या यंत्राची चौकशी आम्हाला करायची होती, त्याचे जन्मगाव आमच्या पायाखालीच होते. स्ट्राउडला लागूनच थ्रप नावाची वस्ती आहे. तिथल्या लोखंडी कारखान्यात एडविन बडिंग नावाचा कारागीर काम करी. गिरणीत लोकरीचे कापड विणून झाले, की त्यावर जी लव राहते, ती भादरून कापड गुळगुळीत करायचे एक यंत्र असे: एका फिरत्या नळकांड्यावर पिळदार पाती. ते पाहून बडिंगच्या मनात आले, की कापडाची लव अशी भादरता येते, तर जमिनीची का नाही? जॉन फेराबी हा कारखान्याचा मालक त्याचा भागीदार झाला, आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी गवत कापायच्या यंत्राचे पेटंट निघाले. लोक हसतील म्हणून बडिंग रात्रीच्या अंधारात यंत्र चालवून पाही, अशी तिथे आख्यायिका आहे. त्याआधी हिरवळ राखायची म्हणजे लांब दांड्याच्या विळ्यांनी कापणारे गडी तरी हवेत, नाही तर मेंढ्या तरी. साध्या घराला हिरवळ परवडू लागली ती या यंत्रामुळे. बडिंग पुढे जवळच्याच डर्स्ली गावी गेला आणि १८४६ साली वारला.

स्ट्राउडच्या स्ट्रॅटफर्ड पार्कमध्ये एका जुन्या वाड्यात छोटेसे संग्रहालय आहे. तिथे बडिंगचे यंत्र पाहायला मिळते. ओतीव लोखंडाचा तो बोजड गाडा पाहून भाची म्हणाली, “मामा, हे ढकलणार कोण?” प्रश्न खरा होता. म्हणूनच त्याला मागून ढकलायला एक मूठ आणि पुढून ओढायला दुसरी होती. पुढे मोठ्या बागांत यंत्राला घोडा जोडू लागले आणि टापांनी हिरवळ उखडू नये म्हणून घोड्याच्या पायांत कातड्याचे बूट घालीत. पेट्रोलवर चालणारे यंत्र इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने १९०२ साली बाजारात आणले, तेव्हा घोड्याचे बूट निघाले.

त्या संग्रहालयात उभा असताना माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. या दऱ्यांतले तांबडे लोकरी कापड प्रसिद्ध होते; इंग्रज शिपायांचे लाल डगले त्याचेच. ईस्ट इंडिया कंपनी या भागातल्या लोकरी कापडाची मोठी गिऱ्हाईक होती. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘सकलाद’ हा शब्द येतो, तो विलायती तांबड्या लोकरी कापडाचा. इंग्रजीतला ‘स्कार्लेट’ आणि आपला ‘सकलाद’ एकाच घराण्यातले मानले जातात. बडिंगचे यंत्र १८३० चे आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापून निघाला तो १८३१ साली. एक माणूस इथे गवत भादरीत होता आणि दुसरा तिकडे आपले शब्द गोळा करीत होता. बेबीला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपलं नि या गावाचं जुनं आहे म्हणायचं.” मी गप्प बसलो. आईने मला ज्या कामासाठी पाठवले होते, त्याच्या अगदी उलट वकिली मीच करून बसलो होतो!

मेच्या मध्याला रॉडबरो आणि मिंचिनहॅम्प्टनच्या माळांवर गाई सोडतात. हे माळ गावाच्या डोक्यावरच आहेत. जुन्या हक्काने लोकांची जनावरे तिथे उन्हाळाभर चरतात, रस्त्यातही बिनधास्त उभी राहतात आणि मोटारी मुकाट्याने थांबतात. भाची म्हणाली, “एक गाय आणू या, म्हणजे यंत्र नको.” आम्ही माळावर बसून दशम्या खाल्ल्या आणि यंत्रांचा हिशेब मांडला.

हिशेब असा. यंत्रांच्या जाती मुख्यतः दोन. एक बडिंगच्या वंशातले, नळकांड्याचे. त्याची पिळदार पाती खालच्या एका स्थिर पात्याशी कात्रीसारखी जुळतात आणि गवत स्वच्छ कातरतात. मागे रूळ असला, की गवत एका अंगाला लवते आणि त्या हिरव्या पट्ट्या उमटतात, ज्या आपण चित्रांत पाहतो. पण गवत उंच झाले, की ते पात्यांत न शिरता खाली लोळते. दुसरी जात गरगर फिरणाऱ्या आडव्या पात्याची. ते विळ्यासारखा सपकारा मारते. उंच, ओबडधोबड गवतही कापते. मात्र धार गेली, तर शेंडे फाटून तांबूस पडतात. याच जातीतले हवेच्या उशीवर तरंगणारे एक यंत्र १९६० नंतरच्या दशकात स्वीडनच्या कार्ल डालमान यांनी काढले. ते उतारावर सोयीचे. शक्तीचे म्हणाल तर पेट्रोल मोठ्या जागेला. विजेची तार लहान जागेला स्वस्त. पण तीच तार पात्याखाली येण्याची भीती, म्हणून झटका बसण्याआधी वीज तोडणारे बटण भिंतीत हवेच. बॅटरीचे यंत्र सुटसुटीत, पण महाग. आपोआप फिरणारेही निघाले आहे. ते घरातल्या मांजरासारखे हिंडत राहते. आणि सर्वांत साधे म्हणजे हाताने ढकलायचे, तीस सेंटिमीटर रुंदीचे, बिनइंजिनाचे नळकांडे. पन्नास-साठ चौरस मीटरला ते पुरते. आमची जागा भरली त्रेसष्ट.

मी बॅटरीच्या यंत्राच्या बाजूचा. बेबीच्या कधी दिवसपाळ्या, कधी रात्रपाळ्या. चार-दोन आठवडे हात लागला नाही तरी ते यंत्र वाढलेले गवत सांभाळून घेईल. अण्णाही म्हणाले, की हाताचे यंत्र फार मानी असते. दर आठवड्याला त्याच्याकडे गेले पाहिजे. दोन आठवडे चुकले, तर ते रुसते.

बेबी दशमीचा घास हातात तसाच धरून म्हणाली, “मग तेच घेऊ या.”

“अगं, पण आठवड्याला एकदा—”

“तेच तर, दादा. गेलं वर्षभर मी मागचं दारच उघडलं नाही. तो माणूस यायचा, कापायचा, जायचा. मला काही करायलाच लागायचं नाही. आता आठवड्याला एकदा तरी करायलाच लागेल, असं काहीतरी मला हवंय.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. खालच्या दरीत गाव दिसत होते. मी घर कुठले ते शोधू लागलो. भाचीने बोट करून चटकन दाखवले.

एक जून उजाडला. अण्णा आपल्या वडिलांचा लांब दांड्याचा विळा घेऊन हजर झाले. गुडघाभर गवतावर नवे यंत्र घालायचे नसते. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग कापू नये, नाही तर मुळे हाय खातात. उंच माजलेले गवत टप्प्याटप्प्याने उतरवावे. अण्णांनी उभ्याने विळा फिरवला, मी कडेने उकिडवा बसून आपल्या पद्धतीने कापत गेलो. मधमाश्यांसाठी एक कोपरा भाचीने आधीच काठ्या रोवून राखून ठेवला होता. त्याच दिवशी तिने मला विचारले, “मामा, यातल्या दूर्वा कुठल्या?” मी शोधल्या, पण ते गवत निराळ्या जातीचे. आपल्याकडे शेतकरी जिला शिव्या देत उपटतो ती हरळी, बंगल्यापुढे पसरली की लॉन होते आणि गणपतीच्या डोक्यावर गेली की दूर्वा होते. भाची म्हणाली, “मग इथल्या गणपतीला हेच गवत चालेल.” तिने तीन-तीन पात्यांच्या जुड्याही बांधल्या.

आठवड्याने यंत्र बाहेर काढले. पाती सर्वांत उंच ठेवली. आधी बेबीने जागेवरून फिरून खडे आणि काटक्या वेचल्या, कारण एका खड्यानेही धार जाते. मग तिने मूठ धरली आणि ढकलले. खर्र-खर्र असा आवाज, जुन्या शिवणयंत्रासारखा. दोन हात जाऊन ती थांबली, मागे वळून पाहिले. कापलेल्या गवताचा एक पट्टा तिच्या मागे पडला होता. त्या ओल्या गवताचा वास घरभर आला. ती पुन्हा ढकलू लागली. टोकाला गेली, वळली, परत आली. डोळे पुसायला एकदा थांबली असेल, पण मला मदतीला बोलावले नाही. मी पायरीवर बसून राहिलो. माझे काम संपले आहे, हे मला कळले होते.

संध्याकाळी तिने ते पाकीट काढले आणि शेवटच्या ओळीपुढे खूण केली.

जूनच्या मध्याला मी पुण्याला परतलो. आई दारातच उभी होती. माझ्या मागे कुणी नाही, हे तिने पाहिले. मी हातपाय धुतले, चहा घेतला. ती काही विचारीना, मला काही सांगता येईना. शेवटी मी म्हणालो, “बेबीनं गवत कापायचं यंत्र घेतलं.”

आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “आणि खुरपं?”

“खुरपं आपल्यासारखं तिकडं मिळत नाही.”

ती उठून माळ्याखाली गेली. तिच्या सासूबाईंच्या वेळचे, झिजून पाते चंद्रकोरीएवढे झालेले खुरपे तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणले.

“पुढं जाशील तेव्हा मोठ्या बॅगेत घाल,” ती म्हणाली. “हातातल्या पिशवीत घालू नकोस. विमानात काढून घेतात म्हणे.”